ठाणे–नवी मुंबईहून भंडारदरा परिसर: कुटुंबाच्या वर्षभराच्या सुट्ट्यांचे नियोजन

ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक कुटुंबांची सुट्टी आयत्या वेळी ठरते. मुलांची परीक्षा संपते, कार्यालयात रजा मंजूर होते, आणि मग जे ठिकाण मोकळे मिळेल तेथे, सांगतील त्या दराने, ऐन गर्दीत जावे लागते. दर वेळी ठिकाण नवे, रस्ता नवा आणि यजमानही नवे असल्याने सुट्टीचा निम्मा वेळ चौकशीतच जातो. या लेखात निराळी पद्धत सुचवली आहे. घरापासून सुमारे चार तासांत पोहोचता येईल असा एकच डोंगराळ ग्रामीण प्रदेश निवडावा, तेथील ऋतुमान, शेतीची कामे आणि आपल्या घरच्या सुट्ट्या वर्षाच्या आरंभीच शेजारी शेजारी मांडाव्यात, आणि त्याच प्रदेशात वर्षातून दोन-तीन वेळा वेगवेगळ्या ऋतूंत जावे. दुसऱ्या खेपेपासून रस्ता ओळखीचा होतो, यजमान ओळखीचे होतात, आजीला कोणती जागा मानवते आणि धाकट्याला गाडी कुठे लागते हे ठाऊक असते. मुलांनाही एकच डोंगर हिरवा, पिवळा आणि करडा असा तिन्ही रूपांत पाहता येतो.

अशा प्रदेशाचे उदाहरण म्हणून येथे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याचा पश्चिम भाग घेतला आहे. भंडारदऱ्याचा जलाशय, त्याच्या काठची शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद आणि रतनवाडी ही गावे, उत्तरेला कळसूबाईची रांग आणि दक्षिणेला हरिश्चंद्रगड, असा हा टापू आहे. त्याचा बराच भाग १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. घाटघरच्या कोकणकड्यावर उभे राहून पश्चिमेला खाली पाहिले की जो मुलूख दिसतो तो ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका आहे. म्हणजे आपण आपल्याच जिल्ह्याच्या माथ्यावर जात असतो. ज्यांना जव्हार, माळशेज किंवा भीमाशंकरचा परिसर अधिक सोयीचा आहे त्यांनी हीच पद्धत तेथे लावावी.

आधी माणसांची यादी, मग ठिकाणांची

नियोजनाचा आरंभ ठिकाणांच्या यादीने केला जातो, तेथेच बहुधा बेत फसतो. आधी कागदावर घरातील माणसे लिहावीत आणि प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टींची नोंद करावी: सलग किती वेळ गाडीत बसवते, किती पायऱ्या चढता येतात, कोणती औषधे रोज लागतात आणि रात्री स्वच्छतागृहात किती वेळा जावे लागते. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, परंतु ज्येष्ठांची सुट्टी सुखाची होणार की नाही हे पुष्कळदा त्याच उत्तरावर ठरते. तंबूतला मुक्काम छायाचित्रात सुरेख दिसत असला तरी गुडघेदुखीच्या माणसाला जमिनीवरच्या गादीवरून मध्यरात्री उठून ओल्या गवतातून पन्नास पावले चालत जाणे हे कष्टाचेच आहे.

या यादीवरून कार्यक्रम आपोआप दोन भागांत विभागला जातो. एक भाग सगळ्यांनी मिळून करण्याचा. भंडारदऱ्याचा जलाशय ज्याने अडवला आहे त्या विल्सन धरणाचा परिसर, जलाशयाभोवतीचा रस्ता, घाटघरचा कडा आणि रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर या ठिकाणी गाडी अगदी जवळ जाते. अमृतेश्वर हे शिलाहारकालीन मानले जाणारे कोरीव दगडी मंदिर आहे. त्याच्या आवारातील बारवेच्या (पायऱ्यांच्या विहिरीच्या) भिंतींत कोनाडे असून त्यांत देवतांच्या मूर्ती बसवलेल्या आहेत. ज्येष्ठांना तेथे निवांत तासभर बसता येते. दुसरा भाग चालणाऱ्यांचा. कळसूबाई, रतनगड आणि सांदण दरी ही धडधाकट माणसांची कामे आहेत. एखाद्या दिवशी घरातील दोघे-तिघे चढाईला गेले आणि बाकीचे मुक्कामी थांबले तर त्यात कोणावर अन्याय होत नाही. मात्र मागे थांबणाऱ्यांसाठी त्या दिवशी वाहन आणि जेवण यांची व्यवस्था आधीच ठरलेली असावी, त्यांना नुसते ताटकळत बसवू नये.

वर्षाचा पट

ठाणे–नवी मुंबईतील राज्य मंडळाच्या शाळा साधारण १५ जूनच्या सुमारास सुरू होतात. मधल्या सुट्ट्या गणपती, दिवाळी आणि काही शाळांत नाताळच्या असतात. केंद्रीय मंडळाच्या शाळांचे वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि एकाच घरात दोन मंडळांची मुले असतील तर हा पट मांडल्याशिवाय गत्यंतरच नाही. खाली ऋतू शाळेच्या वर्षाच्या क्रमाने न घेता डोंगराच्या क्रमाने घेतले आहेत.

मेअखेर ते जूनचा पूर्वार्ध हा काजव्यांचा काळ. वळवाच्या एक-दोन सरी होऊन गेल्या की सादडा, हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे जमतात आणि पाऊस जोराने सुरू झाला की ओसरतात. सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे आणि हा काळ नेमका जुळतो, म्हणून गर्दीही याच दिवसांत सर्वाधिक होते. काजव्यांच्या पोटाशी रासायनिक क्रियेतून हा प्रकाश निर्माण होतो आणि त्यात उष्णता जवळजवळ नसते. नर प्रकाशाची उघडझाप करून मादीला खूण देतो. एखाद्या झाडावर ही उघडझाप एका लयीत येते, तेव्हा खालच्या फांदीपासून शेंड्यापर्यंत सगळे झाड एकदम उजळते आणि पुन्हा काळोखात जाते. डोळे अंधाराला सरावायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात कोणी विजेरी किंवा मोबाइलचा दिवा लावला की सगळ्यांचे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

मुद्दा केवळ आपल्या डोळ्यांचा नाही. प्रौढ काजव्याचे आयुष्य मोजक्या आठवड्यांचे असते आणि तेवढ्यातच त्यांचे मीलन व अंडी घालणे व्हायचे असते. गाड्यांचे प्रखर दिवे त्या खुणांमध्ये व्यत्यय आणतात आणि गवतात शिरणाऱ्या पायांखाली झुडपांवरच्या, जमिनीलगतच्या माद्या चिरडल्या जातात. म्हणून गाडी मुक्कामाच्या जागीच ठेवावी, गावातील वाटाड्याबरोबर पायी जावे, वाटेवरूनच पाहावे आणि काजवा पकडून बाटलीत घालण्याचा हट्ट मुलाने केला तर तेथेच ठामपणे नाही म्हणावे. वनविभाग या दिवसांत प्रवेशशुल्क घेतो आणि रात्रीच्या वेळेवर मर्यादा घालतो. त्या वर्षीचे नियम निघण्यापूर्वी यजमानांकडून समजून घ्यावेत. तारीख निवडताना घरच्या दिनदर्शिकेत अमावास्या पाहावी. चांदण्या रात्री काजवे फिके दिसतात, तेव्हा अमावास्येच्या आसपासचे दिवस, आणि त्यातही सोमवार ते गुरुवार, हे सर्वांत चांगले. शनिवारी रात्री शेंडी–घाटघर रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि त्या रांगेत अडकलेल्या कुटुंबाला काजव्यांपेक्षा मागचे लाल दिवेच अधिक दिसतात.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत खरा पावसाळा. घाटघर हे राज्यातील अतिपावसाच्या गावांपैकी एक आहे. धुके इतके दाट उतरते की कड्यावर उभे राहूनही कडा दिसत नाही, आणि याची मानसिक तयारी मुलांची आधीच करून ठेवावी. जलाशय भरत आला आणि विल्सन धरणातून पाणी सोडले की धरणाच्या पायथ्याशी गोल खडकावरून छत्रीसारखा पसरणारा अम्ब्रेला धबधबा दिसू लागतो. खाली प्रवरेवर रंधा धबधबा आहे. प्रवरा रतनगडाच्या कुशीत उगम पावते आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या या दगडी धरणामागे अडते, हा सगळा प्रवास एका दिवसात उगमापासून धबधब्यापर्यंत दाखवता येतो. नदी म्हणजे काय हे मुलांना समजावण्याची याहून चांगली संधी क्वचितच मिळते.

पावसाळ्याचे नियम मात्र कडक ठेवावेत. धबधब्याखाली उतरू नये, ओढा ओलांडू नये, जलाशयात पोहू नये. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही वरच्या डोंगरात पाऊस झालेला असतो आणि ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते. पाणी गढूळ होऊ लागले किंवा त्यात पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या तर तत्काळ उंचावर जावे. सांदण दरीत या काळात पाऊल टाकू नये, कारण ती मुळातच पाण्याची वाट आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हवामान खात्याचा अंदाज पाहावा आणि तो पाहताना नाशिकच्या घाटभागाचा इशारा वाचावा, केवळ ठाण्याचा नव्हे. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. अतिवृष्टीच्या दिवसांत प्रशासन पर्यटनस्थळांवर बंदीचे आदेशही काढते. म्हणूनच मुक्काम ठरवताना तारीख बदलण्याची मुभा आहे का, हे पावसाळ्यासाठी आवर्जून विचारावे. पंधरा ऑगस्टला जोडून येणारी सुट्टी टाळता आली तर अवश्य टाळावी.

या काळातील माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट धबधब्यांच्या यादीत नसते. जुलैमध्ये भाताची आवणी चालू असते. डोक्यावर इरले (पानांचे पाऊस-आच्छादन) किंवा प्लास्टिकचा कागद घेतलेल्या बायका-पुरुषांची ओळ गुडघाभर चिखलात वाकून मागे मागे सरकत जाते, डाव्या हातात रोपांची जुडी असते, उजव्या हाताच्या तीन बोटांनी चार-पाच रोपे सुटी होऊन चिखलात रोवली जातात, आणि हे इतक्या झपाट्याने होते की डोळ्यांना हातांची हालचाल नीट टिपता येत नाही. यजमानांची हरकत नसेल तर मुलांना अर्धा तास बांधावरून पाहू द्यावे आणि त्यांनी बोलावले तरच खाचरात उतरू द्यावे. आवणीचे दिवस शेतकऱ्याच्या हातून निसटले तर वर्ष वाया जाते, तेव्हा या दिवसांत चहा पाच मिनिटे उशिरा आला तर तक्रार करू नये. जेवणात करटोली, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या मिळाल्या तर मुलांनी निदान एक घास घ्यावा, असा घरचा नियम करावा.

सप्टेंबर आणि ऑक्टोबर हा संधिकाल मला कुटुंबासाठी अतिशय अनुकूल वाटतो. पाऊस ओसरतो, धबधबे अजून वाहत असतात, पठारांवर सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी रंग चढतो. कारवीचा सामूहिक फुलोरा सात-आठ वर्षांतून एकदा येतो आणि तो कोणत्या डोंगरावर कोणत्या वर्षी येईल हे स्थानिक माणसेच नेमके सांगू शकतात. नवरात्रात कळसूबाईवर यात्रेची मोठी गर्दी असते. देवीच्या दर्शनासाठी जायचे असेल तर जरूर जावे, पण शांतपणे डोंगर चढायचा असेल तर ते दहा दिवस सोडावेत. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आणि झोडणी चालते. त्या वेळी नवा तांदूळ थेट शेतकऱ्याच्या घरून विकत घेता येतो.

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत ज्येष्ठांना आणि चढाई करणाऱ्यांना सारखाच सोयीचा काळ असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच असून ते महाराष्ट्रातील सर्वांत उंच ठिकाण आहे. पायथ्याच्या बारी गावातून चढायला सवय नसलेल्या माणसाला तीन ते चार तास लागतात आणि कठीण टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. दहा वर्षांवरील चालते-फिरते मूल हे अंतर सहज करते, मात्र शिडीवर मुलाच्या खाली एक मोठे माणूस असावे आणि उतरताना तोंड शिडीकडे ठेवण्याची सवय आधीच सांगावी. ज्यांना वर जाणे शक्य नाही त्यांच्यासाठी खालच्या बाजूलाही देवीचे मंदिर आहे. रतनगडावर वाऱ्याने खडकाला पडलेले नेढे (आरपार भोक), साम्रदजवळची सांदण दरी आणि पाचनईकडून हरिश्चंद्रगड हेही याच दिवसांत करावेत. सांदण दरीत कुटुंबाने सुरुवातीचा सपाट भाग पाहून परतावे, दोर लावून उतरण्याचा पुढचा भाग प्रशिक्षित पथकाबरोबरच करण्याचा आहे. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ शकते. ठाण्यात स्वेटर वर्षभर कपाटात पडून असतो, त्यामुळे गारव्याचा अंदाज चुकतो आणि मुले कुडकुडतात. नाताळ ते ३१ डिसेंबर या आठवड्यात जलाशयाकाठी तंबू दाटीने लागतात आणि ध्वनिवर्धक वाजतात. शांततेसाठी जाणाऱ्यांनी जानेवारीचा दुसरा आठवडा निवडावा.

मार्च ते मेचा मध्य हा कठीण काळ आहे. डोंगर करपतात, वणवे लागतात, आणि पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडणाऱ्या याच गावांत विहिरी आटतात. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना येते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे आपण महामार्गावरून जाताना मुलांना सांगायला हवे. या दिवसांत जायचेच असेल तर दोन रात्रींपेक्षा अधिक राहू नये, अंघोळीला एक बादली पुरवावी आणि फिरणे सकाळी नऊपर्यंत आटोपावे. करवंदे आणि जांभळे मात्र याच काळाची देणगी आहे.

जाण्याचा मार्ग

ठाण्याहून माजिवडा, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी असा मुंबई–नाशिक महामार्ग धरावा आणि घोटीहून उजवीकडे वळून बारीवरून शेंडीला यावे. अंतर सुमारे १५० किलोमीटर आहे. खारघर, बेलापूर, पनवेलकडच्या मंडळींना शिळफाटा आणि मुंब्रा बायपासमार्गे हाच महामार्ग गाठावा लागतो. त्यांनी तासभर अधिक धरावा, कारण त्या पट्ट्यातील अवजड वाहनांचा भरवसा देता येत नाही. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भिवंडीजवळच्या आमणे येथून त्यावर चढल्यास कसारा घाट बोगद्यातून टाळता येतो. टोल अधिक पडतो, परंतु घाटाच्या वळणांनी उलटी होणारे मूल किंवा पाठदुखीचे माणूस बरोबर असेल तर तो खर्च योग्यच आहे. दुचाकींना त्या मार्गावर प्रवेश नाही.

वाटेतला खरा अडथळा घाटाचा नसून माजिवडा ते वडपे या पट्ट्यातील कोंडीचा आहे. पहाटे साडेपाचपूर्वी घर सोडावे, म्हणजे नाश्ता शहापूरच्या पुढे होतो आणि दहाच्या सुमारास मुक्कामी पोहोचता येते. परतताना रविवारी दुपारचे जेवण करून निघालेले लोक संध्याकाळी पडघ्यापासून पुढे अडकतात. रविवारी सकाळचा नाश्ता करून निघावे, किंवा शक्य असल्यास एक दिवस अधिक रजा घेऊन सोमवारी परतावे. डोंगरातील रस्ते अंधार पडण्यापूर्वी संपवण्याचा नियम बाराही महिने पाळावा.

गाडी नसल्यास ठाण्याहून कसारा लोकल हा स्वस्त मार्ग आहे. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन ती पकडावी. कसारा स्थानकाबाहेर जीपगाड्या मिळतात, परंतु भाडे आणि परतीची वेळ आधी ठरवून घ्यावी. लहान मुले आणि सामान असेल तर लांब पल्ल्याच्या गाडीने इगतपुरीला उतरून यजमानांनी पाठवलेल्या वाहनाने जाणे अधिक सुखाचे होते. एसटीने जाणाऱ्यांनी महिलांना तिकिटात मिळणारी निम्मी सवलत आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा मोफत प्रवास लक्षात घेऊन ओळखपत्रे जवळ ठेवावीत. इंधन आणि रोख रक्कम घोटीतच भरून घ्यावी. पुढे मोबाइलला सर्वत्र संपर्क मिळत नाही आणि त्यामुळे ऑनलाइन पैसे देणेही जमत नाही. रस्त्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा आणि यजमानांचा क्रमांक एका कागदावरही लिहून ठेवावा.

मुक्काम निवडताना

या भागात राज्य पर्यटन महामंडळाचे निवासस्थान, खासगी हॉटेले, गावातील घरगुती निवास आणि जलाशयाकाठचे तंबू असे चार पर्याय आहेत. पहिल्या खेपेला ज्येष्ठ बरोबर असतील तर पक्क्या बांधकामाची खोली घ्यावी. दुसऱ्या खेपेपासून घरगुती निवासाचा विचार करावा, कारण गावाशी खरी ओळख तेथेच होते आणि पैसेही गावातच राहतात. नोंदणी करताना छायाचित्रांवर विसंबू नये, फोन करून प्रश्न विचारावेत. स्वच्छतागृह खोलीला लागून आहे का आणि कमोड आहे का? गाडी उभी राहते तेथून खोलीपर्यंत पायऱ्या किती? वीज गेल्यावर काय सोय असते? गरम पाणी चुलीवर तापवतात की गीझर आहे, आणि ते किती वाजेपर्यंत मिळते? जेवणाची वेळ काय, आणि लहान मुलासाठी वरण-भात किंवा दूध वेळेआधी मिळेल का? तंबू असेल तर तो पाण्यापासून किती उंचीवर आहे आणि रात्री राखणीला माणूस असतो का? आणखी एक प्रश्न उघडपणे विचारावा: त्याच दिवशी एखादा मोठा गट येणार आहे का? जो यजमान या प्रश्नाला सरळ उत्तर देतो त्याच्याकडे निर्धास्त जावे.

आगाऊ रक्कम देताना रद्द करण्याच्या अटी संदेशात लिहून मागाव्यात. दरात कोणकोणती जेवणे धरली आहेत आणि मुलांचा दर कोणत्या वयापासून लागतो हे स्पष्ट करून घेतले की निघताना वाद होत नाहीत.

दिवसाची आखणी

दोन रात्री आणि तीन दिवस ही पहिल्या खेपेची योग्य लांबी आहे. पहिल्या दिवशी पोहोचून जेवण आणि विश्रांती, संध्याकाळी धरणाचा परिसर, एवढेच ठेवावे. दुसरा दिवस एका मोठ्या गोष्टीचा. जलाशयाभोवतीचा रस्ता शेंडी, मुरशेत, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि परत मुतखेलमार्गे शेंडी असा आहे. नकाशावर अंतर थोडे दिसते, प्रत्यक्षात थांबत थांबत पूर्ण दिवस लागतो. तिसऱ्या दिवशी नाश्ता आणि परत. एका दिवसात दोन मोठी ठिकाणे कोंबली तर ज्येष्ठ थकतात, मुले चिडतात आणि चालकाला घाईने गाडी हाकावी लागते. डोंगरात ही घाई धोक्याची असते.

मुलांसाठी दुपार मोकळी ठेवावी. गोठ्यात वासरू पाहणे, चुलीवर नागलीची भाकरी कशी थापतात ते पाहणे, एखाद्या झाडाचे नाव विचारून वहीत लिहिणे यात त्यांचे दोन तास सहज जातात. त्याच वहीत पुढच्या खेपेला तीच झाडे पुन्हा पाहून काय बदलले ते लिहायला सांगावे.

औषधे आणि आकस्मिक प्रसंग

रोजची औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा तीन दिवस अधिक न्यावीत आणि ती दोन पिशव्यांत विभागून ठेवावीत. जलसंजीवनीची पाकिटे, ताप व उलटीची डॉक्टरांनी सुचवलेली औषधे, मलमपट्टी, डास दूर ठेवणारे मलम आणि प्रत्येकाला एक विजेरी एवढे पुरेसे होते. पावसाळ्यात कपड्यांचा एक जोड बंद प्लास्टिक पिशवीत वेगळा ठेवावा, कारण तेथे काहीही वाळत नाही.

राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, घोटीजवळ धामणगावला वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, आणि गंभीर प्रसंगी नाशिक गाठावे लागते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. पावसाळ्यात सापांचा वावर वाढतो. अंधारात पायात बूट आणि हातात विजेरी असल्याशिवाय अंगणातही जाऊ नये, बूट झटकून घालावेत. सर्पदंश झाल्यास दंशाची जागा कापू नये, चोखू नये, घट्ट आवळून बांधू नये. तो अवयव शक्यतो न हलवता, माणसाला धीर देत, थेट रुग्णालयात न्यावे. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास जिवावर बेतू शकतो.

गावात वावरताना

येथील बहुसंख्य वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेले राघोजी भांगरे याच तालुक्यातील देवगावचे, आणि त्यांना २ मे १८४८ रोजी फाशी देण्यात आली ती ठाण्याच्या कारागृहात. ठाण्यात राहणाऱ्या मुलांना हा इतिहास निघण्यापूर्वी सांगितला तर ती या डोंगराकडे केवळ सहलीची जागा म्हणून पाहणार नाहीत. देशी वाणांचे बियाणे जतन केल्याबद्दल पद्मश्रीने गौरवलेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या आहेत. तेथील बियाणे बँक पाहायची असेल तर आधी विचारूनच जावे.

घरांचे, स्त्रियांचे आणि मुलांचे छायाचित्र परवानगीशिवाय काढू नये. वाटेतल्या मुलांना चॉकलेट किंवा पैसे वाटू नयेत. मदतच करायची असेल तर शाळेच्या शिक्षकांना भेटून काय हवे ते विचारावे. वाटाड्याची मजुरी आधी ठरवावी आणि शेवटी घासाघीस करू नये. पाण्याच्या बाटल्या विकत घेण्याऐवजी घरून मोठा कॅन न्यावा, कारण अभयारण्यात टाकलेले प्लास्टिक उचलून नेणारी यंत्रणा शहरासारखी नसते. आपला कचरा आपल्याच गाडीतून ठाण्याला परत यावा.

नोंदणी केव्हा करावी

काजव्यांच्या दिवसांसाठी यजमानांशी मार्चमध्येच बोलावे आणि अमावास्येच्या आसपासच्या दोन पर्यायी तारखा द्याव्यात. पावसाळ्यासाठी फार आधी तारीख बांधू नये, मंगळवार–बुधवारची सवड ठेवून आठवडाभर आधी हवामान पाहून नोंदणी करावी. दिवाळीच्या सुट्टीसाठी गणपतीच्या आत आणि जानेवारीसाठी दिवाळीच्या सुट्टीतच फोन करावा. रेल्वेने जाणाऱ्यांनी इगतपुरीचे आरक्षण खुले होताच करावे. प्रत्येक खेपेहून परतल्यावर, सामान उचलून ठेवण्यापूर्वी, काय कमी पडले आणि काय उगाच वाहून नेले याची नोंद त्याच वहीत करावी आणि पुढची तारीख यजमानांना कळवून टाकावी. आवणी, कापणी किंवा घरातील लग्नकार्य यांमुळे ती त्यांना गैरसोयीची असेल तर ते तसे सांगतील, आणि तारीख बदलायला तेव्हा पुरेसा अवधी असेल.